‘मागे’ कोण म्हणालं?

नाशिक शहर, पंचवटी आणि थेट देवळ्यापर्यंतच्या तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, त्या शेवटच्या तीन सेकंदांत मी हात वर केले नव्हते, ही गोष्ट मला मान्य आहे. ती मला त्याच दिवशी मान्य होती. तरी यापुढे कोणीही मला भाजीबाजारात, दवाखान्याच्या रांगेत किंवा कुणाच्या दहाव्याला गोदाघाटावर गाठून हात कसे वर करायचे असतात, हे करून दाखवू नये. हुकमावरून.

हे निवेदन मी खरोखरच छापून वाटणार होतो. मजकूर बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "वाटा. मग त्याच्यावरही चर्चा होईल."

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या कॉलेजात बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान होतं. एका बाजूची रिंग किंचित खाली वाकलेली, जाळी दोन्हीकडे नाही. बसायला कंपाउंडची भिंत. नाशिकच्या माणसाला एरवी कांद्याचा भाव आणि धरणातलं पाणी हे दोन विषय वर्षभर पुरतात. पण त्या हिवाळ्यात आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलला पोचलो आणि ज्यांनी जन्मात चेंडू हातात धरला नव्हता, तेही भिंतीवर बसून डिफेन्सबद्दल बोलू लागले. ते आजतागायत खाली उतरलेले नाहीत.

आमचे सर म्हणजे सहा फूट उंची, पैलवानासारखे खांदे आणि आवाज मात्र बासरीसारखा बारीक. पहिल्या दिवशी नवीन मुलं हसायची, दुसऱ्या दिवसापासून पळायची. मैदानावर लांब वाक्यं बोलायला वेळ नसतो, असं सरांचं म्हणणं, म्हणून त्यांनी सगळा डिफेन्स दोन-चार शब्दांत बसवला होता. ‘चिकट’ म्हणजे समोरच्याला चिकटून राहा, हात वर, अंगाला अंग लावू नकोस. ‘मागे’ म्हणजे विचार न करता दोन पावलं मागे ये आणि रिंग झाक. सरांच्या बारीक आवाजात हा शब्द आला की बाकीचे चौघे बटण दाबल्यासारखे मागे यायचे. मी यायचो नाही. मला वाटायचं, समोरचा माणूस मला जास्त नीट दिसतोय, सरांना काय दिसतंय तिथून. "ह्याला घरून कानात कापूस घालून पाठवतात," असं सर सगळ्यांदेखत म्हणायचे. त्यात राग असायचा आणि मायाही असायची. सकाळी साडेपाचला कडाक्याच्या थंडीत मी उशिरा पोचलो, तर स्वतःचा स्वेटर काढून माझ्या अंगावर फेकणारा माणूस तो. हे सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं, ते ह्यामुळे जास्त लागलं.

फायनल दुपारी होती. समोर जिल्ह्यातल्याच एका कॉलेजचा संघ. त्यांचा एक खेळाडू इतका उंच की भिंतीवरची माणसंसुद्धा त्याच्याकडे मान वर करून बघायची. प्रमुख पाहुण्यांसाठी सोफा आणला होता. सोफ्याशेजारी गुणलेखकाचं टेबल. तिथे स्टॉपवॉच घेऊन आमच्या एक वर्ष मागची एक मुलगी बसली होती, आणि तिच्यासमोर वेळ संपल्याची खूण म्हणून पितळेची घंटा. ही घंटा पंचवटीतल्या माझ्या मित्राने देव्हाऱ्यातून उचलून आणली होती. तो पुरोहितांच्या घरातला, म्हणून आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो. संध्याकाळच्या आरतीपर्यंत घंटा परत पोचवायच्या अटीवर सामना खेळवला गेला, असं तो अजून सांगतो. शिवाय कॉलेजने लग्नाचं शूटिंग करणारा एक व्हिडिओवाला बोलावला होता. त्याने आयुष्यात लग्नंच काढलेली, त्यामुळे तो सारखा पाहुण्यांच्या सोफ्याभोवती फिरत होता.

तीन सेकंद उरले होते. आम्ही एका गुणाने पुढे. चेंडू त्यांच्याकडे, बाजूच्या रेषेवरून आत टाकायचा. सरांनी टाइमआउट घेतला. बाकीच्या चौघांना त्यांनी एकेक बोट दाखवलं, तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. मग माझा खांदा धरला.

"उंच तुझ्याकडे. चिकट. हात वर. फाऊल नाही. बाकी डोकं चालवायचं नाही."

"हो सर."

"वर्षभर नाही ऐकलंस माझं. आज तीन सेकंद ऐक."

मला गहिवरून आलं. खरंच आलं. मनाशी म्हटलं, आज सर म्हणतील ते. उडी मार म्हणाले तर विहिरीत.

चेंडू आत आला. उंचाने तो घेतला. मी चिकटलो. माझे हात वर चालले होते, खांद्याच्या वर गेले होते, ह्याला माझ्याशिवाय साक्षीदार नाही, पण गेले होते. आणि त्या गोंगाटात, उजव्या बाजूने, बारीक, धारदार, स्पष्ट शब्द आला: "मागे."

मी दोन पावलं मागे आलो. वर्षात पहिल्यांदा, विचार न करता. मागे येताना माणसाचे हात खाली येतात, हा शरीराचा धर्म आहे, कोणीही घरी करून बघावं. उंच माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी त्याला रांगेत पुढे जा म्हटलंय. मग त्याने शांतपणे चेंडू टाकला. चेंडू वाकलेल्या रिंगवर बसला, एकदा फिरला आणि आत पडला. घंटा वाजली.

तिथपर्यंतही ठीक होतं. सामने हरतात माणसं. पण मी तोंड उघडलं. प्रिन्सिपॉल, पाहुणे, दोन्ही संघ, सगळे जवळ उभे असताना मी मोठ्याने म्हणालो, "सर, तुम्हीच म्हणालात ना, मागे."

सर माझ्याकडे वळले.

"मी?" ते म्हणाले. एवढं एकच अक्षर.

पुढच्या आठवड्यात कॉलेजभर झालं की ऐन वेळी सरांनी चुकीचं सांगितलं. त्यांना कोणी काही विचारलं नाही, ते स्वतःच प्रिन्सिपॉलना म्हणाले की पोरांना माझा शब्द कळत नसेल तर दुसरा माणूस बघा. संघ दुसऱ्याकडे गेला. सर त्यानंतर फक्त हजेरी घ्यायचे आणि गॅदरिंगला मुलांच्या रांगा लावायचे. मी दिसलो की मान हलवायचे, "आईवडील बरे?" विचारायचे आणि पुढे जायचे. त्या मान हलवण्याने माझं जे व्हायचं, ते दोन मुस्काटात मारून झालं नसतं.

अडचण अशी होती की मी ऐकलं होतं. मी खोटं बोलत नव्हतो. मी खोटं बोलत नसेन तर सर खोटं बोलत होते, आणि सर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. ह्या दोन गोष्टी अकरा वर्षं माझ्या डोक्यात एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भाडेकरूंसारख्या राहिल्या.

डोक्याबाहेर मात्र सगळे बोलत होते. ह्या चर्चेचे दोन आधारस्तंभ. एक गुरुजी. दुसरा माझा फुलवाला मित्र, ज्याची शहराबाहेर झेंडूची शेती, आणि जो त्या दिवशी राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून होता. एक मिनिटही न खेळल्यामुळे त्याला सगळं अगदी स्वच्छ दिसलं होतं.

फुलवाल्याचं म्हणणं, हात. "हात वर असते ना लेका, तर चेंडू इथून असा गेला असता," असं म्हणून तो मिसळीची वाटी हलवायचा. वाटी उंच, चमचा मी, पाव म्हणजे रिंग. गुरुजी पाव उचलून खायचा आणि म्हणायचा, "हाताचं सोड. फाऊल करायला पाहिजे होता. उंच फ्री थ्रोला कच्चा होता."

"सरांनी फाऊल नाही म्हणून सांगितलं होतं," मी म्हणायचो.

"म्हणजे सर काय म्हणाले ते तुला आठवतं."

"आठवतं."

"मग चिकट म्हणाले तेही आठवत असेल."

"हो, पण नंतर मागे म्हणाले."

"झालं." गुरुजी हात पुसायचा. "सर म्हणालेच नाहीत. तुला भीतीने भास झाला."

"म्हणाले," फुलवाला म्हणायचा. "मी बाकावर होतो. ऐकलं मी. सर गोंधळले."

एकाच्या मते मी भित्रा, दुसऱ्याच्या मते सर गोंधळलेले. तिसरी शक्यता कोणी ठेवलीच नाही. आणि हे दर आठवड्याला. वर्षानुवर्षं. एकदा मी गाडीवरून पडून गुडघा फोडून घेतला, तर फुलवाला बघायला आला, प्लॅस्टरकडे बघून म्हणाला, "ह्याच पायावर मागे गेलास ना?"

सोक्षमोक्ष लावायचा एक मार्ग होता, तो म्हणजे कॅसेट. सामन्यानंतर पंधरा दिवसांनी व्हिडिओवाल्याने कॅसेट आणून दिली. आम्ही चाळीस जण कॉलेजच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलो. कॅसेट सुरू झाली आणि पडद्यावर हळद लागली. देवळ्यातल्या कुठल्याशा घरातलं लग्न होतं. कोणाची तरी मावशी नवरदेवाच्या तोंडाला हळद फासून कॅमेऱ्याकडे बघून लाजत होती. आम्ही शेवटपर्यंत बघितलं, मध्येच कुठे तरी सामना लागेल म्हणून. जेवणाच्या पंगती लागल्या, सामना लागला नाही. व्हिडिओवाल्याला गाठलं तर म्हणाला, लेबलं लावताना अदलाबदल झाली, देवळ्याचा पत्ता बघून सांगतो. नंतर तो माणूसच नाशकातून उठून दुसरीकडे गेला.

दरम्यान माझं लग्न ठरलं. ज्या मुलीने घंटा वाजवली होती, तिच्याशीच. घरच्यांच्या ओळखीतून स्थळ आलं होतं, त्यात माझी हुशारी काही नाही. बघण्याच्या कार्यक्रमात तिच्या काकांनी मला शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "ते हात वर न केलेले तुम्हीच का?" मी मुलीकडे बघितलं. ती कपबशीत हसत होती. तिचा आवाज त्या दिवशी मी फारसा ऐकला नाही. लग्नानंतर ऐकला. तिने आमच्या स्वयंपाकघरातून हाक मारली की गल्लीच्या टोकाला दूधवाला ब्रेक लावतो.

लग्नात मंगलाष्टकं संपली, ती हार घालायला पुढे आली आणि मित्रांनी मला प्रथेप्रमाणे वर उचललं. तोल जाऊ नये म्हणून मी दोन्ही हात वर केले. सगळा मांडव शांत असताना मागून फुलवाल्याचा आवाज आला, "तेव्हा कुठे होते रे हे हात?" भटजीसुद्धा हसले. हार चुकून माझ्या एका कानाला अडकला. फोटो आहे.

सर लग्नाला आले नाहीत. पत्रिका मी स्वतः नेऊन दिली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि "बघतो" म्हणाले. लग्नानंतर चार दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. ठळक, सरळ अक्षर. "नवदांपत्यास अनेक शुभाशीर्वाद. सुखाने संसार करा. ता. क. मी ‘मागे’ म्हणालो नव्हतो."

हे कार्ड मी कपाटात ठेवलं. कधी कधी काढून बघायचो. आशीर्वाद एका ओळीत आणि ता. क. तितक्याच मोठ्या अक्षरात. मला त्यांच्या घरी जाऊन पाया पडून सांगायचं होतं की चूक माझी, सोडून द्या. दोनदा दारापर्यंत गेलोही. पण चूक माझी म्हणजे काय म्हणायचं? मी ऐकलं नव्हतं, असं? ते खोटं झालं असतं, आणि सरांसमोर खोटं बोलायची सवय मला नव्हती. न ऐकायची होती.

सामन्याला अशी अकरा वर्षं झाली. फुलवाला देवळ्याला एका लग्नाच्या सजावटीसाठी झेंडू घेऊन गेला. मांडवात तो कॉलेजच्या आठवणी सांगत होता, त्याच्या आठवणी म्हणजे माझे हात. तर घराचे म्हातारे यजमान म्हणाले, "तुम्ही नाशिकचे का? मंग तुमच्या पोरांचा चेंडूचा खेळ हाय ना आमच्याकडं. लय वर्सं झाली. आमच्या थोरल्याच्या लग्नाची क्यासेट कुठं गेली कोणास ठावूक, त्यात ह्यो खेळच निघाला. थोरली सून अजून रडती."

फुलवाला झेंडू टाकून कॅसेट घेऊन आला. त्यांच्या लग्नाची कॅसेट कॉलेजच्या कपाटातून शोधून त्यांना पोचवली, ते वेगळं पुण्य. आमच्या कॅसेटची सीडी करून घेतली आणि रविवारी सकाळी माझ्या घरी बघायचं ठरलं.

"सरांना बोलवायचं," मी म्हणालो.

"विचार कर," गुरुजी म्हणाला. "सर मागे म्हणताना दिसले तर? ह्या वयात त्यांना खाली बघायला लावशील. आणि नाही दिसले तर तू अकरा वर्षं काय सांगत होतास?"

"काहीही निघू दे. मला आता हे पुरे झालंय."

गुरुजी त्यांना रिक्षाने घेऊन आला. सर आता निवृत्त. खांदे तसेच, चालीत जरा बाक. खुर्चीच्या टोकावर बसले, "आईवडील बरे?" विचारलं आणि टीव्हीकडे तोंड केलं. बायको म्हणाली, "तुमचं चालू द्या, मी पोह्यांचं बघते," आणि आत गेली. ही चर्चा सुरू झाली की ती दर वेळी उठून आत जाते. लग्न झाल्यापासून तिने एकदाही ती पुरती ऐकलेली नाही, आणि त्याबद्दल मी तिला कधी दोष दिला नाही.

सीडी सुरू झाली. त्या माणसाने बास्केटबॉलचं लग्न लावलं होतं. पाहुण्यांना हार, पाहुण्यांना गुलाब, चहाचे कप, प्रिन्सिपॉलांचे बूट. मधूनच दहा पाय इकडून तिकडे धावत जायचे. चेंडू दिसला तर तो पाहुण्यांच्या डोक्यामागून. टाइमआउट झाला. मी पुढे सरकलो. शेवटचे तीन सेकंद आले आणि कॅमेरा सोफ्याकडे वळला. पडद्यावर पाहुणे वेफर उचलत होते. मागे आरडाओरडा. शिट्टी. आणि मग स्पष्ट, बारीक, धारदार: "मागे." पाहुण्यांचं तोंड उघडलेलं. घंटा.

"ऐकलंत?" मी म्हणालो. "म्हणालं कोणीतरी. मी म्हणत होतो ना?"

सरांचा चेहरा पडला होता. स्वतःवरच शंका आलेल्या माणसाचा असतो तसा. मला त्या क्षणी ती सीडी मोडून टाकावीशी वाटली.

"परत लाव," गुरुजी म्हणाला. परत लावली. पाहुणे, वेफर, मागे, घंटा. तिसऱ्यांदा लावली. फुलवाला टीव्हीला नाक लावून बसला.

"अरे," तो म्हणाला, "मागे म्हटल्यावर चित्र हललं बघ. कॅमेरा दोन पावलं मागे गेला."

"म्हणजे ते कॅमेरावाल्याला म्हटलंय," गुरुजी हळूच म्हणाला. "पण सर तर समोरच्या बाजूला होते. इथे टेबलाजवळ कोण होतं?"

तेवढ्यात बायको पोह्यांच्या बश्या घेऊन आली. फुलवाला टीपॉयच्या वाटेत बसला होता.

"मागे," ती त्याला म्हणाली.

फुलवाला दोन फूट मागे सरकला. मीही सरकलो. आणि मग खोलीत कोणी हलेना.

"काय झालं?" तिने बश्या ठेवल्या आणि टीव्हीकडे बघितलं. "अय्या, हा तो कॅमेरावाला. दिवसभर माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहायचा. शेवटच्या वेळी तर मला मैदानच दिसेना, म्हणून ओरडले त्याच्यावर."

"तू म्हणालीस मागे," मी म्हणालो.

"त्याला म्हणाले."

"अगं, अकरा वर्षं. ते पोस्टकार्ड कपाटात आहे. तू वाचलंयस."

"मग? मी दिवसभर मागेच म्हणत होते. गर्दीला, भिंतीवरच्यांना, ह्याला. ते काय लक्षात ठेवायचं? आणि मी काय तुमच्या संघाला सांगत होते का? तुम्ही कशाला गेलात मागे?"

मी सरांकडे वळलो. त्यांनी पोह्यांची बशी उचलली होती आणि ती तशीच हातात राहिली होती. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत की काय. मग बशी टीपॉयवर ठेवून, डोळे पुसून, त्या बासरीसारख्या आवाजात सर म्हणाले,

"जन्मात एकदा ह्याने सांगितलेलं ऐकलं, तेही दुसऱ्याला सांगितलेलं."